निळ्या पाण्याची टोनही

बालाघाटकडच्या किरनापूरजवळ आमच्या गावात, १९६२ च्या कार्तिकात, महादेवाच्या पारावर चाळीस पितळी पातेली ओळीनं मांडली होती आणि अख्खं गाव त्यांत वाकून बघत होतं. महिन्याभरात चार बैल मेले होते. कोणीतरी करणी करतंय, गावात टोनही, म्हणजे चेटकीण आहे, असं लोक म्हणत. ती शोधून द्यायला धुनीबाबा आले होते. चिनीमातीच्या बरणीतलं ‘गंगाजल’ लाकडी डावानं प्रत्येक घरच्या पातेल्यात ओतत ते सांगत होते, "जिस घर में टोनही, उसका पानी नीला. शंकरजी का गला काहे नीला हुआ? जहर से." शंकराचा दाखला दिला की आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही.

आरती झाली. एकोणचाळीस पातेल्यांत पाणी जसंच्या तसं. शेवंताबाईच्या पातेल्यात मात्र मोरपिसासारखं निळं.

एकटी विधवा बाई. गावचे प्रमुख दादाजी पटेलांनी तिथंच फर्मावलं, दिवस मावळायच्या आत तिनं गाव सोडावं. ती रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, मी जाऊ त कुठं जाऊ?"

मी शाळामास्तर. संताप आला होता, पण संतापाला गाव भीक घालत नाही. त्या पाण्याचा वास मघाशीच माझ्या नाकाला झोंबला होता. बाबा त्याला भुताचा वास म्हणत. भुतं नवसागर खातात हे मला नवीनच होतं. मी हात जोडून विनवलं की थोडं गंगाजल महादेवाच्या तांब्याच्या अभिषेकपात्रातही पडू द्या. बाबा टाळाटाळ करू लागले, तसा पुजारी सुखरामच चिडला. "गंगाजल देवाले काहून नाई?" म्हणत त्यानं बरणी घेतली आणि ओतलं.

पुन्हा आरती झाली. पात्रातलं पाणी शेवंताबाईच्या पातेल्याहून गडद निळं.

"पटेल," मी विचारलं, "महादेवाले कवा हाकलता?"

आधी एक म्हातारा हसला, मग सगळा पार हसला. बाबा खडावा शोधू लागले.

मग मी समजावलं. नवसागर आणि चुना कालवला की अमोनिया वायू निघतो. तो मुरवलेलं पाणी तांब्याला लागलं की अमोनियाचे चार रेणू तांब्याच्या एका कणाला वेढून बसतात, आणि त्या नव्या संयुगाचा रंग निळा. पितळेतही तांबं असतं. पण कल्हई असेल तर आतून कथलाचा थर, त्यावर अमोनियाचं काही चालत नाही. दिवाळीआधी कल्हईवाला आला तेव्हा शेवंताबाई लेकीच्या बाळंतपणाला गोंदियाला गेली होती, तिचं पातेलं बिनकल्हईचं राहिलं. एवढाच तिचा गुन्हा.

"झालं त झालं," दादाजी पुटपुटले, "ने आपलं भांडं."

"नाई पटेल," ती म्हणाली. "जाय म्हणलं ते चारचौघांत म्हणलं. राह्य बी चारचौघांतच म्हणा."

दादाजींनी मान खाली घातली. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "राह्य शेवंता. आमचं चुकलं."

बैल घटसर्पाच्या साथीनं मेले, हे बालाघाटहून आणलेल्या ढोरांच्या डॉक्टरानं चार दिवसांनी सांगितलं. तोवर पाचवाही गेला होता. म्हणून म्हणतो, भांड्यात चमत्कार दिसला तर विचारा, भांडं कशाचं आणि पाणी कशाचं. उत्तर नाहीच सापडलं, तरी बाईचं नाव घेऊ नका.