दुसऱ्याची फुंक

आमचे हे, म्हणजे सोनूचे बाबा, जन्माचे संशयी. कुणी पाणी विचारलं तरी आधी गडव्यात डोकावून बघतील. सिमेंट कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली पोती भरायचे. वर्षानुवर्षं तो धुराळा नाकातोंडात गेला, खोकला घरचाच होऊन बसला. विचारलं की म्हणायचे, "थंडी लागली." वैशाखातही थंडीच!

त्या वर्षी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आमच्या गावच्या शाळेत छातीच्या रोगाचा अभ्यास मांडला. पोती भरणाऱ्यांनी यायचं, नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं. छातीत किती जोर आहे ते मशीन दाखवणार. वर बुडालेली रोजीही त्याच देणार. झालं! पैशाचं नाव निघालं आणि यांचं डोकं फिरलं.

"फुंकाचे पैसे कोन देते? कंपनीनंच पाठवली असन हे बाई. छाती खराब निघाली का ठेकेदार गेटवरूनच वापस धाडते."

"मंग जाऊ नका जी."

"नाई गेलो तं म्हणन, याच्या मनात पाप हाय."

माझा भाऊ भूपेश मासेमारी करतो. डोहात बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवतो, आणि तो वर येईपर्यंत काठावरच्यांचा जीव खालीवर होतो. यांनी त्यालाच आपल्या नावावर शाळेत पाठवलं. मी भांड भांड भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

भूपेश हसतच परत आला. "ताई, बाई मले म्हणे, सुरेंद्रभाऊ, तुमच्यासारखी छाती अख्ख्या कंपनीत कोनाची नाई!"

हे खूश. पुढे बाईंनी यांच्यासोबत पोती भरणाऱ्या बुधूला आणि आणखी तिघांना उपचारासाठी नागपूरला नेलं, तेव्हा तर विचारूच नका.

"पाह्य, गेली ना चौघायची नोकरी? मी वाचलो."

नोकरी कुणाचीच गेली नाही. बुधू परत आला तो तोंडात दवाई ओढायचा पंप घेऊन. काही दिवसांनी त्याची बायको मला म्हणाली, आता आडवा होऊन झोपते माणूस. आमचे हे भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपत होते.

"तुमी बी जा ना," मी म्हटलं.

"बुधूवर दवाई आजमावून राह्यले ते. थांब, दिसनच."

मला असा राग आला की चुलीवरचं भांडं उचलून आपटावं. पण रागापेक्षा भीती मोठी होती. त्यांच्या छातीतून आता बोलतानाही शिटी ऐकू यायची. बाई पुन्हा शाळेत आल्या, तशी मी जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. कुणाची छाती कशी आहे, हे आम्ही कंपनीला सांगत नाही."

भूपेशने आणि मी यांना जवळजवळ ओढतच नेलं. शाळेच्या ओट्यावर चढताच धाप लागली. आत गेल्यावर यांनी नळीत डोळा लावून पाहिलं, मशीनच्या मागे वाकून पाहिलं, दाराबाहेर ठेकेदाराचा माणूस नाही ना तेही पाहिलं. मग फुंकलं.

काटा जरासा हलला आणि खाली बसला.

"अजून एकदा, सुरेंद्रभाऊ. जोरात."

यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. काटा तेवढाच. तिसऱ्या वेळी त्याहून कमी. भूपेश खाली मान घालून उभा होता. बाई हळूच म्हणाल्या, "आधी का नाही आलात हो?"

यांनी नाकाचा चिमटा काढला, दम घेतला आणि माझ्याकडे वळले.

"कुंता, मशीनच बिघडली हाय."

इतक्या वर्षांत या माणसाचा एकही संशय खरा निघाला नव्हता. हा एक तरी खरा निघावा, असं मला पहिल्यांदाच वाटलं.