मेडशीच्या टाळ्या

आमच्या मेडशीच्या लोकांना वाजवण्यातलं काही कळत नाही, हे मी भजनी मंडळाचा सचिव या नात्यानं लिहून द्यायला तयार आहे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. कोण खरंच झोपलाय आणि कोण तिकीट चुकवायला डोळे मिटून बसलाय, हे मला दारातूनच कळायचं. त्या रविवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात जमलेली दीडशे माणसं बुंदीसाठी आली होती. ऑर्गनसाठी कोणी आलं नव्हतं.

ऑर्गन जगदेवचा. जगदेव रिठदचा, तीन एकरांत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवणारा माणूस. जुन्या नाटक कंपन्यांत असायची ती पायपेटी त्यानं अमरावतीच्या एका बंद पडलेल्या कंपनीकडून आणली आणि त्याच कंपनीतल्या म्हाताऱ्या वादकापाशी चार वर्षं राहून शिकला. दोन्ही पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. गावातली माणसं तिला जगदेवची शिलाई मशीन म्हणत. पायजमा शिवून देतो का, असं त्याला तोंडावर विचारत. तो हसायचा, पण त्याला लागायचं. माझ्या गाडीच्या टपावर भाजीची पोती चढवून तो बाजाराला यायचा, तेव्हापासूनची आमची दोस्ती. दर वेळी शेवटी एकच बोलायचा, "मोहनसिंग, एक डाव लोकायनं चूपचाप बसून आयकलं पाह्यजे. बस, बाकी काही नको मले."

मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी हट्टानं त्याचा एकट्याचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष गुलाबराव नकोच म्हणत होते. गाणारा नाही, नुसती पेटी, लोक उठून जातील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, "भाऊ, जेवन शेवटी ठेवू. कोनी उठत नाही." तसंच ठरलं.

जगदेव इस्त्रीचा सदरा घालून टेम्पोतून पेटी घेऊन आला. आल्या आल्या पहिल्या रांगेतल्या एका लाल खुर्चीवर त्यानं आपला दुपट्टा टाकला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी. खुर्ची शुभांगीसाठी होती, त्याच्या मुलीसाठी. ती आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती आणि तिथंच खोली करून राहायची. घरात बापाचं वाजवणं ऐकायची ती एकटीच. दोन वाजता ड्यूटी सुटली की आपल्या जांभळ्या स्कूटीवर निघणार होती. स्टेजवर चढताना जगदेवनं आपला मोबाइल माझ्याकडे दिला. "राहू दे तुयाजवळ. वाजोतानी मधातच थरथरते," म्हणाला.

तीन वाजता त्यानं भीमपलास सुरू केला.

काय सांगू त्या अर्ध्या तासाबद्दल! मागच्या रांगेत सोयाबीनचा भाव चालला होता. बायका लग्नाच्या गोष्टी करत होत्या. एकानं मोठ्यानं विचारलं, "गानारा कुठी हाये बाप्पा?" आणि अख्खी रांग हसली. मी दोनदा उठून दटावलं, गाडीत दटावायचो तसं. उपयोग शून्य. मग मीही नाद सोडला, बाहेर जाऊन आचाऱ्याला बुंदीचं विचारून आलो. जगदेव मान खाली घालून वाजवत राहिला. संपलं तेव्हा दोनच माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक मी आणि दुसऱ्या लिलाबाई, शाळेतल्या रिटायर बाई.

जगदेवनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग लाल खुर्ची पाहिली. मला म्हणाला, "साडेतीन झाले. पोट्टी नाही आली अजून." आणि त्यानं अभंगाची चाल धरली.

दहा मिनिटं झाली असतील. माझ्या खिशात त्याचा मोबाइल थरथरला. पडद्यावर शुभांगीचं नाव. मी दाराबाहेर जाऊन उचलला आणि म्हणालो, "ये ना माय, बाप वाट पाहून राह्यला." पलीकडून माणसाचा आवाज आला. तो म्हणाला, "हा मोबाइल ज्या पोरीचा हाये, तिचे तुमी कोन? रस्त्यावर सोयाबीन वाळू घातलं होतं. स्कूटी घसरली, मांगून ट्रक आला. तिले मालेगावच्या दवाखान्यात नेलं. तुमी या लवकर."

मी जगदेवच्या भावाला, गजेंद्रला फोन लावला. तो मालेगावातच बियाण्याच्या दुकानात कामाला. पाच मिनिटांत दवाखान्यात पोचला आणि त्यानं मला फोन केला. 

"गेली," तो म्हणाला. "मोहनसिंगभाऊ, दादाले आत्ता सांगू नका. त्याच्या काळजात दोन स्टेंट हायेत. मी गाडी घेऊन येतो. घरचा मानूस जवळ असल्याबिगर सांगू नका. तोवर बसवून ठेवा त्याले. पेटीवरून उठू देऊ नका."

आमच्याकडची रीतच आहे ती. मेल्याची खबर परक्यानं द्यायची नाही, आणि चार माणसांत तर नाहीच. आधी गाडी येते, गाडीत भावकी असते. 'तब्येत बिघडली' एवढंच बोलतात आणि माणसाला घरी नेतात. बाकी सगळं दारातली गर्दी सांगते. ही रीत कितीदा पाळलेली मी पाहिलीय, कितीदा स्वतः पाळलीय. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा राग आला. आणि तरी पाळलीच.

आत गेलो तर गुलाबरावांच्या हातात मोबाइल होता आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कुठल्यातरी मेल्यानं आडवी पडलेली जांभळी स्कूटी तालुक्याच्या ग्रुपवर टाकली होती. माणूस मरत असताना फोटो काढणाऱ्याचे हात का झडत नाहीत, देव जाणे. तो फोटो रांगेरांगेनं पुढे सरकत होता. ज्याच्या हातात मोबाइल जाई, तो वर स्टेजकडे पाही आणि गप्प होई. मी गुलाबरावांच्या कानात गजेंद्रचा निरोप सांगितला. त्यांनी मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. निरोपही मग फोटोच्या मागोमाग सरकत गेला.

आणि सभागृह शांत झालं. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. दीडशे माणसं श्वास रोखून जगदेवकडे पाहत होती.

जगदेवला ती शांतता जाणवली. त्यानं मान वर केली. डोळ्यांवर विश्वास बसत नसल्यासारखा त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना पाहिलं. मग त्यानं पेटीचे आवाज वाढवणारे उरलेले खटके ओढले आणि दोन्ही पायांनी भाता असा काही हाणला की पुढच्या खुर्च्यांना हादरे बसले. खोटं कशाला बोलू, त्या माणसानं त्या दिवशी वाजवलं तसं कधीच वाजवलं नव्हतं. डावा हात एक सांगायचा, उजवा हात त्याला उत्तर द्यायचा, आणि दोघांच्या मधून अभंगाची चाल सरळ चालत यायची. मला वाजवण्यातलं कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. तो वाजवण्यानं आला की हातातल्या मोबाइलनं, ते मला आजही सांगता येत नाही.

अभंग संपला. कोणी हललं नाही. मग गुलाबरावांनी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.

जगदेवनं कपाळावरचा घाम पुसला. तो स्टुलावरून अर्धा उठला. "थांबा जरासक. पोरीले फोन लावतो," म्हणाला आणि माझ्याकडे हात पुढे केला.

मी मोबाइल मुठीत धरून तसाच उभा राहिलो. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" दुसऱ्यानं उचललं. गुलाबरावही उभे राहिले, ज्यांना हा कार्यक्रमच नको होता. "जगदेव, बस! उठू नको लेका! अजून एक पाह्यजे!" त्यांचा आवाज फाटला होता. बायका, म्हातारे, मघाशी गाणारा कुठं आहे विचारणारा, सगळे ओरडत होते. त्यांच्या ओरडण्यानं जगदेव परत स्टुलावर बसला.

माझ्याकडे वाकून त्यानं हळूच विचारलं, "फोन आलता का तिचा?"

"आलता," मी म्हणालो. "निंगाली हाये."

"हळू ये म्हना. रस्त्याले लोकायनं सोयाबीन टाकलं हाये."

मी हो म्हणालो. माझ्या तोंडून तो हो कसा निघाला, मला माहीत नाही.

त्यानंतर त्यानं चार चिजा वाजवल्या. प्रत्येकीनंतर टाळ्या, प्रत्येकीनंतर वन्स मोर. टाळ्या जरा कमी पडल्या की गुलाबराव मागं वळून पाहत आणि पुन्हा जोर यायचा. बायका रडत होत्या. लिलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. बाहेर बुंदी गार झाली, आचारी दारात येऊन उभा राहिला, त्यालाही कोणीतरी कानात सांगितलं आणि तोही भिंतीला टेकून टाळ्या वाजवायला लागला. लाल खुर्चीवर जगदेवचा दुपट्टा तसाच होता. तिच्या बाजूच्या दोन्ही खुर्च्यांवरची माणसं उठून मागं जाऊन उभी राहिली होती. जगदेवला वाटलं असेल, शुभांगीसाठी जागा करून दिली.

भैरवीच्या आधी त्यानं माइक जवळ ओढला. भाषण करणारा माणूस नव्हे तो. म्हणाला, "मले बोलता येत नाही. आजवर मले वाटे, आपल्या लोकायले यातलं काही समजत नाही. मी मनातल्या मनात तुमाले शिव्या देत होतो. आज तुमी रडून राह्यले... मी चुकलो. मले माफ करा."

त्यानं दीडशे माणसांपुढे हात जोडले. मी खाली पाहिलं. वर पाहायची ताकद माझ्यात नव्हती.

भैरवी संपता संपता दारात गजेंद्र आला. चपला हातात होत्या, शर्टावर डाग होते. लोकांनी त्याला वाट करून दिली. जगदेवनं शेवटचा सूर सोडला आणि हसला. "आता आला का? लय उशीर केला. सारं हुकलं तुयं."

गजेंद्र स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला. "दादा, घरी चाल. शुभांगीची तब्येत बिघडली."

जगदेव भावाकडे पाहत राहिला. मग त्यानं सभागृहाकडे पाहिलं. एवढी गच्च भरलेली जागा, आणि एकाही माणसानं विचारलं नाही, काय झालं म्हणून. एकही जण उठून पुढे आला नाही. सगळे मान खाली घालून बसले होते. त्यानं डावीकडून उजवीकडे हळूहळू सगळ्यांना पाहिलं, मघाशी आनंदानं पाहिलं होतं तसंच. त्याचे पाय अजून भात्यावर होते. ते थांबले.

गजेंद्रनं त्याला धरून खाली उतरवलं. जाताना त्यानं लाल खुर्चीवरचा दुपट्टा उचलला आणि खांद्यावर टाकला. काळीज फुटलं नाही त्याचं. तेवढ्यासाठी आम्ही हे सगळं केलं होतं, आणि तेवढं जमलं.

तेरवी झाल्यावर आठेक दिवसांनी तो मेडशीला माझ्या घरी आला. ओसरीवर बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, "मोहनसिंग, एक विचारतो. लोकायले कवापासून मालूम होतं?"

मला वाटलं होतंच, हा हे विचारणार. उत्तर मी तयार ठेवलं होतं. "भैरवीपासून," मी म्हणालो. "गजेंद्र दाराशी आला, तवा समजलं सारायले."

"म्हंजे अभंगाच्या टाळ्या खऱ्या."

"खऱ्या ना बाप्पा."

त्यानं खिशातून आपला मोबाइल काढला, त्यात काहीतरी उघडलं आणि माझ्यापुढे ठेवला. शुभांगीचा शेवटचा कॉल. तीन वाजून चाळीस मिनिटं. उचललेला, आणि अपघातानंतरचा. अभंग धरायच्या आधी त्यानं घड्याळ पाहिलं होतं, हे मला आठवलं.

"तुले विचारून पाह्यलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "जगदेव, काहून खोदून राह्यला रे? तुया जिवासाठी केलं आमी."

"मालूम हाये मले. मी कोनाले दोष देत नाही. मले फक्त हिशेब लागत नाही." तो बोटांकडे पाहत होता. "ते मांगनं सारं सोडून दे. त्याच्या आधी मी भीमपलास वाजवला. त्याले कोनं टाळ्या देल्ल्या?"

"दोघायनं," मी म्हणालो. "मी आन् लिलाबाईनं."

त्यानं मान हलवली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली. "तेवढ्या खऱ्या म्हन मंग," तो उठत म्हणाला. "दोन तं दोन." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला, आणि मालेगावची गाडी धरायला फाट्याकडे निघाला.

मी दारात उभा राहून तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाहत होतो. भीमपलास संपेपर्यंत मी बाहेर आचाऱ्यापाशी होतो. आत आलो तेव्हा पेटी थांबलेली दिसली, म्हणून टाळ्या वाजवल्या. हे त्याला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं होतं, पण सांगितलं नाही.