पत्त्यातलं नाव

"ताई, लाईट आली, पण काटा चालूच नाही होऊन राह्यला. पुन्हा तेच लिहून येते. प्रसेनजित सापडत नाही म्हणते."

मोताळ्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधून निवृत्ती बोलत होता. तो तिथल्या वजनकाट्यावर बसायचा. मागे ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते.

"दोन मिनिटं थांबा," मंजुश्री म्हणाली. चिखलीच्या ऑफिसात बसल्या बसल्या तिने तिकडच्या मशीनमध्ये प्रसेनजित नावाचा फोल्डर केला आणि त्यात सेटिंगची फाईल ठेवली. काटा सुरू झाला.

"झालं ताई! पण हा प्रसेनजित हाय कोन? त्याले एक डाव पाठवा ना इकडे. पक्कं करून जाईन."

"तो नाही येत आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला. चहा थंड झाला होता. तिने तो तसाच पिऊन टाकला.

प्रसेनजित तिचा नवरा. पोळ्याच्या आठवड्यात मेहकर रस्त्यावर ट्रकखाली गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अमडापूरच्या घरात माणूस मावत नव्हता, आणि ही कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना पाणी देत होती. दगडच आहे, असं एकदोघींनी बोलूनही दाखवलं. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? मंजुश्रीचं त्यांच्याशी भांडण नव्हतं. तिलाही आपण दगड झालोय असंच वाटत होतं.

दोघंही गणेशभाऊंच्या ऑफिसात कामाला. वजनकाट्यांना कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम. काट्यांवरची मशीन म्हणजे एकेक नमुना. कुठे जुनाट लिनक्स सिस्टिम, कुठे बीएसडी, कुठे नुसता हाताच्या पंजाएवढा बोर्ड. काट्यावाल्याला सगळीकडे सारखेच हुकूम टाइप करता यावेत म्हणून प्रसेनजितने एक शेल घेतला, म्हणजे हुकूम ऐकणारा काळा पडदा, आणि तो प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा कंपाइल केला, म्हणजे तिला समजेल असा बांधून घेतला. "पळसाला पानं तीनच," तो म्हणायचा. "काट्यावाल्याले काय करायचं आतमंदी कोनतं मशीन हाय ते!"

फक्त एक चूक राहिली. सुरू होताना सेटिंगची फाईल कुठे शोधायची, तो पत्ता कंपाइल करायच्या आधी लिहून द्यावा लागतो. चाचणीपुरता त्याने स्वतःचाच फोल्डर लिहिला, आणि बदलायचा राहून गेला. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मशीन बसवायला तोच जायचा. त्याने लॉग-इन केलं की त्याच्या नावाचा फोल्डर आपोआप तयार व्हायचा. तो गेल्यावर बसवलेल्या मशीनवर मात्र शेल त्याला शोधत अडून बसू लागला.

चूक एका ओळीची. मंजुश्रीला ती पहिल्याच दिवशी सापडली होती. तरी तिने ओळ बदलली नाही. जिथे अडेल तिथे फोल्डर करून देत राहिली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण असं केलं की त्याचं नाव टाइप व्हायचं आणि पलीकडचं मशीन ते मुकाट्याने घ्यायचं. दिवसभरात तेवढं एकच काम तिला करावंसं वाटायचं.

मोताळ्याच्या बोर्डाने घोळ घातला. लाईट गेल्यावर बिघडू नये म्हणून त्याचं मेमरी कार्ड कुलूपबंद केलेलं होतं. मागाहून लिहिलेलं काहीही लाईटसोबत पुसलं जायचं. आणि लाईट आपल्याकडे राहते कमी, जाते फार.

दुपारी गणेशभाऊ तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, जिनिंगवाल्याचा फोन होता. पुन्हा लाईट गेली, काटा बंद. कापसाच्या गाड्या वापस जाऊन राह्यल्या. उद्यापर्यंत नाही झालं तं दुसऱ्याचा काटा लावतो म्हणते. चूक कुठं हाय ते समजलं का?"

"समजलं."

"कवा?"

तिने त्या ओळीपाशी फाईल उघडली. गणेशभाऊंनी वाकून स्क्रीनवरची ती ओळ वाचली, आपल्या मित्राचं नाव वाचलं, आणि चष्मा काढून पुसू लागले.

"मी करतो मंग," ते म्हणाले. "तुम्ही घरी जा."

"नको. मीच करीन."

तिने पत्त्यातलं नाव काढलं आणि सगळ्या मशीनवर असतोच असा साधा पत्ता लिहिला. मग कॉन्फिगर नावाचा प्रोग्राम सुरू केला. कंपाइल करण्याआधी हा प्रोग्राम सिस्टिमला विचारत सुटतो, हे आहे का, ते आहे का. उत्तरं पडद्यावरून भराभर सरकतात. आहे, आहे, नाही, आहे. नसेल ते सोडून उरलेल्यावर शेल बांधला जातो. जुन्या लिनक्सवर झालं. बीएसडीवर झालं. ऑफिसातल्या बोर्डाला वेळ लागला, मग त्यावरही झालं. तिने बोर्डाची पिन उपसून पुन्हा लावली. शेल कुरकुर न करता सुरू झाला.

मोताळ्याच्या कार्डाचं कुलूप तेवढ्यापुरतं काढून तिने नवा शेल आणि सेटिंगची फाईल त्यावर चढवली, मग कुलूप पुन्हा लावलं. थोड्या वेळाने निवृत्तीने कळवलं की मधे लाईट गेली होती, तरी काटा आपोआप चालू झाला.

कुठे काही राहिलं तर नाही ना, म्हणून तिने सगळ्या फायलींमध्ये प्रसेनजित शोधला. एकाही ठिकाणी सापडला नाही. म्हणजे काम बरोबर झालं होतं.

घरी आली तेव्हा सासूबाई, केसरबाई, सुपात डाळ घेऊन निवडत बसल्या होत्या.

"आज उशीर झाला व माय?"

"मशीनमंदी त्यायचं नाव होतं. त्याच्यानं काम अडून राह्यलं होतं. काढून टाकलं आज."

केसरबाईंचे हात थांबले. मंजुश्रीला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं.

"राशनवाला बी तेच म्हणून राह्यला," केसरबाई म्हणाल्या. "कार्डावरलं नाव कमी करा म्हणे. म्या तुले सांगतलंच नाही."

"काऊन?"

"कसं सांगू?"

मंजुश्री त्यांच्याशेजारी बसली. सुपातली थोडी डाळ तिने आपल्या बाजूला ओढली. खडे फारसे नव्हते.

"उद्या नेऊन देईन कार्ड," ती म्हणाली.

"मंग दोघीचंच धान्य भेटन."

"हाव."

केसरबाईंनी सूप हलकेच घोळलं.

"पुरते आपल्याले," त्या म्हणाल्या.