पुढचं वाक्य

शाळेतून शेवगावला घरी पोचेपर्यंत नीलांबरी इतकी दमलेली असे, की दमण्याला उपमा शोधायचीही ताकद तिच्यात उरत नसे. आणि दिवसभर शिकवायचं काय, तर पाचवीच्या पोरांना अलंकार!

आज दारातच कडूबाई पदर खोचून उभी होती. दिवसभर अप्पांजवळ थांबायचं काम तिचं.

"ताई, आज लई तरास दिला त्यांनी. मला शिपाईन समजून घंटा दे, घंटा दे म्हनत हुते. शेवटी ताट वाजवलं, तवा गप बसले." एवढं सांगून ती निघून गेली.

अप्पा म्हणजे नीलांबरीचे वडील, नृसिंहराव. उभी हयात त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. आता मात्र पोटची मुलगी त्यांना ओळखू येत नव्हती. रविवारी तिचा भाऊ धवल गाडी घेऊन येणार होता आणि त्यांना पुण्याजवळच्या एका संस्थेत ठेवणार होता. तिनंच हो म्हटलं होतं. आता झेपत नव्हतं, त्यात लपवायचं काय? फक्त जाण्याआधी अप्पांनी आपल्याला एकदा ओळखावं, एवढाच तिचा हट्ट होता. फोटो दाखवून झाले, आईसारखी कढी करून झाली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"या मॅडम," अप्पा म्हणाले. "आपण कोणत्या शाळेच्या?"

"तुमच्याच," म्हणून तिनं चहा दिला आणि वह्या घेऊन शेजारी बसली. मुलांचा अभ्यास ती मोठ्यानं वाचायची, कारण तेवढ्यापुरते अप्पा जागेवर येत. नाव गेलं, गाव गेलं, पण अलंकार म्हाताऱ्याच्या हाडीमाशी मुरले होते.

"'बापाच्या टाचा ढेकळासारख्या फुटल्या.'"

"उपमा. 'सारख्या' आलंय ना!"

"'लाईट गेली की आमची मोटर रुसून बसते.'"

"चेतनगुणोक्ती. निर्जीव मोटर माणसासारखी रुसली."

"'आजी अशी भांडली की देवळातला मारुती गाव सोडून गेला.'"

अप्पा खुदकन हसले. "अतिशयोक्ती! कोणाचं हो पोरगं हे? शाबासकी द्या त्याला."

त्या हसण्यानं तिला धीर आला. पुढची वही तिनं उघडली, पण त्यातलं काही वाचलं नाही.

"'रविवारी हे घर मला खायला उठेल,'" ती म्हणाली.

"चेतनगुणोक्ती. पुढे."

"'मी तुमची मुलगी आहे. नीलांबरी.'"

अप्पांनी डोळे मिटले. बोटानं गुडघ्यावर ठेका धरला. पेपर तपासताना अडले की ते असंच करायचे, तिला लहानपणापासून माहीत होतं. बराच वेळ ते वाक्य मनातल्या मनात उलटंसुलटं करून बघत राहिले.

"यात अलंकार नाही," ते म्हणाले.

"नीट बघा, अप्पा."

"बघितलं. साधं वाक्य आहे. जे खरं आहे ते तसंच सांगितलंय, त्यात अलंकार कुठून येणार?"

तिला रडू फुटलं. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे, वहीवरची अक्षरं भिजून गेली. अप्पा शांतपणे वाट बघत बसले.

"पुढचं वाक्य घ्या, मॅडम," ते म्हणाले.