मधल्या वाडीची रिकामी जागा

मी एक जुनी यादी आहे. वाण्याच्या चिठ्ठीवरची नव्हे, मित्रांनो; संगणकातली, ‘आर’ नावाच्या आकडेमोडीच्या भाषेतली. माझ्या पोटात डबे आहेत आणि त्या डब्यांत आणखी डबे. २००४ साली महाडच्या एका आरोग्य संस्थेत राजश्रीताईंनी मला घडवलं. त्या संख्याशास्त्र शिकलेल्या होत्या, आणि घरी त्यांची मांडीवरची लेक होती.

पोलादपूरच्या डोंगरातल्या एका गावच्या बाळांची वजनं माझ्यात असत. महिन्याचा डबा, त्यात वाड्यांचे डबे, वाडीत एकेक बाळ. ज्याचं वजन अडलं, त्याच्यासाठी पौष्टिक खाऊची पाकिटं घेऊन रमजानभाईंची जीप जाई.

मला उघडायची एक रीत आहे. एका चौकटी कंसात हाक मारली, तर मी डबा झाकणासकट देते. दोन कंसांत मारली, तर झाकण काढून आतलं हातात ठेवते. सुरुवातीला ताई बंद डब्याचीच सरासरी काढायला जात आणि संगणक कुरकुरे. मग जमलं. ‘दुसऱ्या वाडीतलं चौथं बाळ’ म्हटलं, की मी लगेच मोरूचं वजन पुढे करी. सगळे माझं कौतुक करत.

एका श्रावणात मधल्या वाडीचा, म्हणजे माझ्यातल्या दुसऱ्या वाडीचा, ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला. वजनं आलीच नाहीत. ताईंनी त्या डब्यापुढे ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’, असं लिहिलं. आमच्या भाषेत तसं लिहिलं, की डबाच फेकला जातो आणि मागचा पुढे सरकतो. मधली वाडी गेली, तिच्या जागी टेपवाडी आली. मग दुसऱ्या वाडीतलं चौथं बाळ मागितल्यावर मी टेपवाडीच्या हैबतीचं वजन दिलं. कागदावर मोरूपुढे ‘सुधारला’ आलं आणि त्याचं पाकीट जीपमधून काढलं गेलं.

“ताई, आटपा,” रमजानभाई दारातून म्हणाले. “ओढ्याला पाणी चढलं तर माझी जीप काय होडी नाय.”

“मोरू महिन्यात दोन किलोंनी वाढलाय म्हणे.”

“मग चांगलंच हाय की. पेढे द्या.”

“माझी लेक दिवसभर चरते, तरी महिन्याला पाव किलोच्या वर वाढत नाही. पाच मिनिटं थांबा.”

“मघाशीपण पाचच होती.”

ताईंनी आता क्रमांक सोडला. आधी महिना, मग दोन कंसांत वाडीचं नाव: मधली वाडी. मी खरं ते सांगितलं. काही नाही.

“त्याचं वजन आलेलंच नाही,” ताई उठल्या. “वजनकाटा घ्या, रमजानभाई. मी येते.”

“आणि साकव?”

“जीप थांबेल तिथून पायी वळसा घालू.”

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्यात मोरूचं वजन लिहिलं. आधीपेक्षाही कमी होतं. पण तोवर जुलाबाने वाळलेलं ते पोर आईसह महाडच्या दवाखान्यात पोचलं होतं. पुढच्या महिन्यापासून त्याचा आकडा चढू लागला.

त्यानंतर वजन आलं नाही, की ताई ‘एनए’ लिहीत. म्हणजे ‘अजून कळलेलं नाही’. त्याने डबा जागेवर राहतो.

आज मी कपाटातल्या एका चरे पडलेल्या सीडीवर आहे. मला कोणी उघडत नाही, त्याचं मी फारसं मनाला लावून घेत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. ज्याचा निरोप आला नाही, त्याची जागा पुसू नका. ती रिकामी ठेवा, आणि त्याला नावाने हाक मारत जा.