पिशव्यांची राखण

सहल म्हटली की डबे आले, पिशव्या आल्या, आणि पिशव्यांजवळ बसायला कुणीतरी आलंच. त्या घरात हे काम आईकडे होतं. कुणी मुद्दाम दिलं नव्हतं, आपलं अंगवळणी पडलं होतं.

त्या रविवारीही तेच. जुन्या राजबागेतली कारंजी, काचघर, संग्रहालयं, सगळं एका दिवसात उरकायचं होतं. मुलगा विमा कंपनीत मॅनेजर. त्याने फर्मान काढलं, "आई, तू बस इथे तळ्याकाठी. आम्ही आलोच!"

आलोच म्हणता म्हणता ऊन उतरलं. परत येऊन बघतात तर बाकावर पिशव्या जशाच्या तशा, आणि आई नाही!

समोर तळं, त्याला धड कठडाही नाही. सून हाका मारत एकीकडे धावली, मुलगा चौकशीच्या खिडकीकडे.

"कपडे कोणत्या रंगाचे होते?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

ते काही त्याला आठवेना. पिशव्यांचे रंग त्याने झोपेतही सांगितले असते.

"बरं, काय बघायची आवड आहे त्यांना? तिकडे आधी शोधू."

तेही त्याला ठाऊक नव्हतं! तेवढ्यात बाग बंद व्हायची घंटा झाली. मग सुनेचा फोन आला, "सापडल्या! वाद्यांच्या दालनात आहेत."

आई एका जुन्या पियानोसमोर उभी होती.

"अगं, हरवलीस कुठे? जीव घेतलास माझा!"

"हरवले नव्हते रे. बघायला आले होते." आई शांतपणे म्हणाली. "तिकीट माझंही काढलं होतंस ना? दरवेळी 'बस' म्हणतोस. 'येतेस का' असं कधी विचारलंस?"

सून हळूच म्हणाली, "सामान ठेवायला दाराशीच खोली आहे. फुकट."

म्हणजे इतकी वर्षं त्या खोलीचं काम आपण आईकडून करून घेतलं! त्याचे डोळे भरून आले.

"पुढच्या रविवारी येऊ, आई. तू म्हणशील ते बघू. पिशवीच नको."

"पाण्याची बाटली तरी घे," आई म्हणाली. "पण धरायची तू."

मंडळी, आपल्याही घरात कुणी म्हणत असेल, "मी बसते, तुम्ही जाऊन या." तिला बसायची हौस आहे असं धरून चालू नका. तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका!