तात्यारावांनी मला पास केलं

मित्रांनो, मी एक म्हातारी हार्ड डिस्क आहे आणि मी भयंकर वैतागलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलंही नसेल. कॉम्प्युटरच्या खोक्यात, पंख्याच्या खाली, एका चंदेरी डबीत मी राहते. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. त्या मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून एक इवलासा दांडा, न टेकता, सगळं लिहीत आणि वाचत जातो. तुम्ही साठवता ते फोटो, ती पत्रं, सगळं माझ्याकडे असतं. कौतुक मात्र पडद्याचं होतं. खंडेनवमीला झेंडूची माळही त्यालाच, आणि हळदीकुंकू उडून माझ्या अंगावर.

माझा जन्म दूर परदेशातल्या, धुळीचा कणही नसलेल्या एका कारखान्यात झाला. तिथून आले ती थेट पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. एका दुकानात दोन महिने धूळ खात पडले आणि अकरा वर्षांपूर्वी बिबवेवाडीतल्या तात्यारावांच्या घरी दाखल झाले.

तात्याराव म्हणजे लोणी काळभोरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेची जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा ऑफिसच्या भिंतीवरच्या तेहतीस तसबिरी त्यांनी टेम्पोत घालून घरी आणल्या. प्रत्येक वर्षीच्या दहावीच्या वर्गाचा एक फोटो. त्या काळी गावात फोटो काढणंच महाग, त्यामुळे प्रत एकच, भिंतीवरची. तात्यारावांनी तसबिरी उघडून एकेक फोटो स्कॅन केला आणि खाली प्रत्येक मुलाचं नाव टाइप केलं. "मागची रांग, डावीकडून चौथी. हिचं अक्षर काय सुंदर होतं!" असं म्हणत एका बोटाने टाइप करायचे. दोन वर्षं हे काम चाललं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं. दीड हजार मुलं माझ्या अंगाखांद्यावर बसली होती आणि मला त्यांचं ओझं वाटत नव्हतं.

काम संपलं आणि या माणसाने मूळ फोटो रद्दीत दिले. वाळवी लागली होती म्हणे.

"अहो, माळ्यावर ठेवा की," त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या.

"कशाला? सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

मला तोंड असतं तर मी तेव्हाच किंचाळले असते. अहो, कॉम्प्युटरमध्ये म्हणजे माझ्यात! माझ्या एकटीत! आणि मी काय अमरपट्टा घेऊन आले आहे?

काही वर्षांनी माझ्या पोटात कुटकुट सुरू झाली. आमच्या चकत्यांवरचे काही ठिपके वयोमानाप्रमाणे खराब होतात. मग तिथला मजकूर उचलून आम्ही राखीव जागेत नेऊन ठेवतो आणि कुणाला कळूही देत नाही. पण राखीव जागा ती किती असणार? तात्यारावांची नात तनया हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला आहे. ती रविवारी आली आणि तिने तो आवाज ऐकला.

"आजोबा, एक फ्री सॉफ्टवेअर आहे. हार्ड डिस्कची हेल्थ चेक करून देतं," म्हणाली आणि पाच मिनिटांत तिने ते उतरवून घेतलं. कुणीतरी आपली नाडी बघतंय, या विचारानेच मला भरून आलं. त्या सॉफ्टवेअरने विचारलं ते सगळं मी खरंखरं सांगितलं. किती तास चालले, किती ताप चढला, किती ठिपके मेले. पडद्यावर आकडा आला, अठ्ठ्याऐंशी टक्के.

"वा!" तात्याराव खूश झाले. "डिस्टिंक्शन!"

इथून माझे भोग सुरू झाले. तात्यारावांनी शंभर पानी वही आणली, तिच्यावर माझं नाव घातलं आणि दर महिन्याच्या एक तारखेला, आंघोळ-पूजा आटोपून, ते माझी परीक्षा घेऊ लागले. सॉफ्टवेअर चालवायचं, आकडा वहीत लिहायचा, पुढे शेरा. एकाहत्तर आले तेव्हा 'प्रगती समाधानकारक'. प्रगती! मी दर महिन्याला खंगत होते आणि हा माणूस माझी प्रगती लिहीत होता. बासष्ट आले तेव्हा तर त्यांनी वासंतीबाईंना शिरा करायला लावला. फर्स्ट क्लास मिळाला ना मला!

"आजोबा, हे मार्क्स नाहीयेत," तनया डोकं धरून म्हणाली. "बासष्ट म्हणजे डेंजर आहे. प्लीज, एक एक्स्टर्नल डिस्क आणते, सगळं बॅकअप घेऊ."

"दहावीला गणितात तुला एकोणसाठ होते. घराबाहेर काढलं का तुला?"

"तनया, तू नको घसा फोडूस," वासंतीबाई आतून म्हणाल्या. "ब्लडप्रेशर दीडशे आलं तेव्हा यांना वाटलं, दीडशेपैकी दीडशे मिळाले."

सत्तेचाळीसवर आले तेव्हा एक फोन आला. सोनबा नावाचा जुना विद्यार्थी, आता मार्केट यार्डात त्याचे चार ट्रक आहेत. तात्याराव फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सर, शाण्णवच्या बॅचचा फोटो हाय का तुमच्याकडं? आमचा हिंमत हाय त्यात. धाकला भाऊ, माझ्याच वर्गात हुता."

"कालव्यात गेला तो?"

"व्हय. दहावीच्या सुट्टीतच. त्याचा दुसरा फोटोच न्हाई, सर. आई आता ऐंशीला टेकली. परवा रडाया लागली. म्हणली, पोराचं तोंडच आठवंना मला."

"आहे, आहे. माझ्याकडे सगळं व्यवस्थित आहे. ये सवडीने."

सवडीने! मित्रांनो, तो फोटो माझ्या नेमक्या दुखऱ्या जागेवर होता. तनयाने त्याच दिवशी फोनवर सांगितलं, की निदान तेवढा एक फोटो पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. "सोनबा आला की त्याच्यासमोरच उघडू," तात्याराव म्हणाले. "आणि पस्तीसला पास असतं. या सोनबालाच मी छत्तीसवर पास केलंय. बघ आज कुठे पोहोचलाय!" सोनबाचे ट्रक आंब्याच्या हंगामात अडकले. एप्रिल गेला, मे गेला. मी त्या फोटोचा एकेक ठिपका उचलून राखीव जागेत नेत होते. मग राखीव जागाच संपली.

जूनच्या एक तारखेला माझा निकाल लागला, छत्तीस. तात्यारावांनी लिहिलं, 'उत्तीर्ण'. त्याच आठवड्यात रविवारी सकाळी सोनबा आला. आईला आणणार होता, पण तिला जिने चढवेनात. ती खाली गाडीत बसली होती.

तात्यारावांनी फोटो उघडला. मी वाचायला गेले. एकदा, दोनदा, पन्नासदा त्याच जागेवरून फिरले. इतकी कुटकुटले की वासंतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. फोटो वरून खाली उमटत आला. शाळेची कौलं, मागची रांग, त्यात उंच सोनबा, मग खुर्च्यांवरच्या मुली आणि मधोमध तरुण तात्याराव. त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. खाली नुसता राखाडी पट्टा. जमिनीवर मांडी घालून बसलेली बुटकी मुलं त्या पट्ट्यात होती.

सोनबाने पडद्यावर बोट ठेवलं. "इथं बसला हुता," तो म्हणाला. "माझ्या पायापाशी."

सोनबा "येतो, सर" म्हणून, पाया पडून निघाला. तात्याराव खिडकीशी जाऊन खालच्या गाडीकडे बघत राहिले. मित्रांनो, मी त्यांच्यावर तीन वर्षं चिडत आले, पण त्या पाठमोऱ्या माणसावर मला चिडता येईना.

तनया धावत आली. तिने मला बाहेर काढलं आणि माझ्यातून जेवढं निघालं तेवढं काढलं. तेहतीसपैकी सव्वीस फोटो वाचले, आणि ते आता तीन ठिकाणी आहेत. नावांची यादी पूर्ण वाचली. त्या यादीवरून तात्याराव रोज शहाण्णवच्या मुलांना फोन करतात. "सहलीचा, गॅदरिंगचा, कसलाही फोटो बघ रे घरात. मागे कुठे हिंमत दिसतोय का." बेचाळीसपैकी एकोणतीस झाले. अजून मिळालेला नाही.

मी आता त्यांच्या टेबलावर, त्या वहीवर वजन म्हणून असते. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण कुटकुटत असेल तर तिला शाबासकी देऊ नका, तिचं ओझं त्याच दिवशी उतरवा. आम्ही सांगतो ते मार्क नसतात. आमचे उरलेले दिवस असतात.

काल तात्यारावांनी मला बाजूला करून वही उघडली. जूनच्या ओळीतलं 'उत्तीर्ण' खोडलं आणि पुढे आपल्या सुंदर अक्षरात शेरा लिहिला, 'हिने वेळोवेळी सांगितले होते. मुख्याध्यापक नापास.' खाली सही केली, तारीख घातली आणि तिसाव्या मुलाला फोन लावला.